दोन लेकींची आई

२ सप्टेंबर २०२३

अक्का,

तीर्थस्वरूप लिहावं की नुसतं अक्का, यातच माझा सगळा सकाळचा चहा गार झाला. सात वर्षांनी पत्र लिहायला बसलं की मायनासुद्धा रुसून बसतो. म्हणून नुसतं अक्का.

मी शिवांजली. अक्षर ओळखलंस ना? अजूनही माझी ओळ वर वर चढत जाते, कागद सरळ धरला तरी. तुझा पत्ता तात्यारावांनी दिला. गिरिजाचं खोकल्याचं औषध आणायला आमच्या इथल्या वाशीला गेले होते, तिथं स्टँडवर दिसले. तुझे सासरे आहेत हे माहीत असून मी आधी तोंड फिरवलं. दादांच्या घरात वाढल्यावर मान आपोआप वळते. तेच जवळ आले नि म्हणाले, "लेकी, शिवकन्या बरी हाय. नागपुरात घर घेतलंय दोघांनी. तुझी लई आठवण काढती." मग एसटीच्या तिकिटामागं पत्ता लिहून दिला आणि गिरिजाच्या हातावर चिक्की ठेवली. दादांनी तुझ्या लग्नाच्या दिवशी "मला आता एकच लेक" असं साऱ्या लोहाऱ्यात सांगितलं होतं. त्या एका लेकीला तुझा पत्ता स्टँडवर मिळाला.

आमचं बरं आहे. रणधीर शेतात असतो. आण्णा, म्हणजे माझे सासरे, गावच्या भानगडी निस्तरत असतात. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, त्या घर सांभाळतात. गिरिजा तिसरीत गेली. तुझ्यासारखीच आहे, कशालाही आधी 'का' विचारते. कावेरी चार वर्षांची, ती कुणालाच काही विचारत नाही, डायरेक्ट करून मोकळी होते. घरात फोन एकच, तो आत्याबाईंच्या उशाशी असतो, म्हणून हे पत्र. उत्तर पाठवलंस तर शेजारच्या ईट गावातल्या सिद्धम्मा टेलरबाईच्या पत्त्यावर पाठव. ती ब्लाऊजच्या घडीत घालून देईल.

आणि एक. मला पुन्हा दिवस गेलेत. तिसरा महिना सरत आलाय. पाळी कधीच वेळेवर नसते, गोळ्यांमुळं असेल म्हणून गप्प बसले होते.

तुला माहीत नसेल, कावेरीच्या वेळी मी मरता मरता वाचले. बाळंतपण नीट झालं आणि आठवड्यात श्वासच घेता येईना. सोलापूरला नेलं. हृदयाच्या डॉक्टरांनी रणधीरला समोर बसवून सांगितलं, की हिच्या हृदयाचं पंपिंग साठ टक्क्यांवरून तिसावर आलंय, पुन्हा बाळंतपण केलं तर जिवावर बेतेल. त्या हालतीत माझं मूल बंद करायचं ऑपरेशन करता येत नव्हतं. म्हणाले, तुम्ही करून घ्या. रणधीर हो म्हणाला. चार वर्षं झाली, अजून हो म्हणतोय. आमच्या गावात ज्या पुरुषानं ते करून घेतलं, त्याला पारावर बसू देत नाहीत, चिडवून चिडवून उठवतात.

मला हे बाळ नको आहे, अक्का. मला जगायचंय. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं.

तुझी शिवा

२१ सप्टेंबर २०२३

अक्का,

उत्तर आलं नाही. येईल. तोवर माझा शहाणपणा ऐक.

आधी मेडिकलमध्ये विचारून पाहिलं. रणधीर गेला होता. त्या गोळ्या आता कुणी ठेवतच नाही, विचारलं तरी दुकानदार मागं सरकतो. आणि मला त्या चालल्याही नसत्या म्हणे, हृदय असलं म्हटल्यावर. मग बार्शीच्या एका डॉक्टरबाईंकडं जायचं ठरलं.

आता फ्रेमची गोष्ट. आमच्या गावात 'लेक वाचवा' समिती आहे आणि आण्णा तिचे अध्यक्ष. हसू नकोस, मनापासून आहेत. पूर्वी इथं पोटातच पोरी मारायचे, एका वर्षी पहिलीच्या वर्गात मुलांत तीनच मुली बसायच्या. आण्णांनी एका सोनोग्राफीवाल्याला रंगेहाथ पकडून दिलं, धमक्या आल्या तरी हटले नाहीत. दरवर्षी जानेवारीत दोन मुलींवर थांबलेल्या बायांचा सत्कार करतात. मलाही साडी, नारळ आणि माझ्या फोटोची फ्रेम मिळाली. वर लिहिलंय, 'दोन लेकींची आई, गावाचा अभिमान'.

तर मी काय केलं असेल? ती फ्रेम भिंतीवरून काढली, टॉवेलात गुंडाळली आणि बार्शीला घेऊन गेले. मला वाटलं, बाईंना संशय नको. मुलीसाठी नाही, जिवासाठी आलेय, हे फ्रेम बघून त्यांना पटेल. लेकी नको असत्या तर गावानं सत्कार केला असता का?

डॉक्टरबाई माझ्याहून लहान होत्या. सोलापूरचे कागद वाचेपर्यंत ठीक होत्या, पेनही हातात होतं. मी टॉवेल उघडला. त्यांनी फ्रेमकडं पाहिलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"तुम्हाला दोन्ही मुलीच आहेत?"

"हो ना. म्हणूनच आणलं दाखवायला."

"सोनोग्राफी कुठं केली?"

"कुठंच न्हाय केली."

"हे बघा ताई, दोन मुली, चौथा महिना, आणि तुम्हाला नकोय. उद्या चौकशी आली तर माझं सेंटर सील होतं. मला कुणी विचारणार नाही तुमच्या हृदयाचं."

रणधीर मध्ये पडला, "मॅडम, पोरगा का पोरगी आमाला खरंच म्हाईत न्हाय." त्या म्हणाल्या, "सगळे हेच म्हणतात." मग जरा नरमल्या, हृदयाच्या डॉक्टरांचं ताजं पत्र आणा म्हणाल्या. लगेच सोलापूरला गेलो. जुने डॉक्टर तिथं नव्हते. नव्यांनी तपासलं, आणि तुला सांगते, मी बरी निघाले! चार वर्षं गोळ्या नेमानं खाल्ल्या, पंपिंग पंचेचाळीसवर आलंय. त्यांनी लिहून दिलं, धोका आहे, पण नीट लक्ष ठेवल्यास गर्भ पुढं नेता येईल. मी म्हटलं, "आणि बिघडलं तर?" म्हणाले, "तेव्हा बघू."

ते पत्र घेऊन परत बार्शीला गेलो. बाईंनी 'पुढं नेता येईल' या शब्दांखाली रेघ मारून दाखवली. गोळ्या नेमानं खाल्ल्या नसत्या तर सुटले असते.

कायद्यात म्हणे बाईचा जीव, बाईचं दुखणं, सगळं लिहिलेलं आहे. असेल. माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्यात फक्त माझ्या दोन पोरी उरल्या होत्या.

शिवा

४ ऑक्टोबर २०२३

अक्का,

घात झाला.

बार्शीच्या दवाखान्यातून आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरला फोन आला, की तुमच्या गावची अशी अशी बाई येऊन गेली, लक्ष ठेवा. सिस्टरनं आशाताईला सांगितलं. आशाताई आमच्या दारात आली आणि आत्याबाईंना गोड बातमी म्हणून सांगून मोकळी झाली. बिचारीला वाटलं, घरात माहीत असेल.

आत्याबाईंनी मला ओढून छातीशी धरलं. गौरी जाऊन एक दिवस झाला होता. लगेच दार लोटून घेतलं, चोरओटी भरली. हिरवा खण, गहू, नारळ, कुंकू. मी म्हटलं, "आत्याबाई, मला डॉक्टरनं सांगितलंय..." त्या म्हणाल्या, "ओटीत असलं बोलू नगं बाई." पदर पसरून मी बसले होते आणि त्यात गहू पडत होते. चोरओटी ही कुणाला कळू न देता भरायची असते, पण आत्याबाईंच्या पोटात आनंद कधी मावला नाही. संध्याकाळी पिठाच्या गिरणीत मलाच बाया विचारत होत्या, गोड आवडतंय का आंबट.

दुसऱ्या दिवशी मी आण्णांपुढं चहा ठेवला आणि धीर करून सगळं सांगितलं. आण्णांनी नीट ऐकून घेतलं. चष्मा लावून सोलापूरचा कागद वाचला, दोनदा. म्हणाले, "पोरी, धोका हाय, म्या न्हाय म्हणत न्हाय. पर डॉक्टर म्हणतोय पुढं नेता येतंय. गाडी दारात उभी ठिवतो, सोलापूरला म्हैन्याला नेतो. पर ते दुसरं माझ्या घरात व्हायचं न्हाय. म्या लोकांच्या घरात शिरून पोरी वाचवल्या, आन् माझ्या घरातून...?"

"पण आण्णा, पोरगी हाय म्हणून न्हाय. माझा जीव..."

"ते तुला म्हाईत, मला म्हाईत. गावाला कोण सांगणार?"

मग दोन तारखेची ग्रामसभा. मी बायकांत बसले होते, कावेरी मांडीवर. आण्णा माईकवर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या घरात तिसऱ्यांदा पाळणा हलणार हाय. तिसरी लेक आली तरी वेशीपासून बँड लावून आणीन. आन् माझ्या घरात कुणी वाकडं पाऊल टाकलं, तर पयली तक्रार म्याच दीन!"

टाळ्या वाजल्या. सगळ्या बाया माझ्याकडं वळून बघत होत्या. मीही टाळ्या वाजवल्या, अक्का. काय करू, हात वर आलेच.

आता आशाताई दर तीन दिवसांनी येते. पोटाकडं बघून 'सगळं जागेवर आहे' अशी खात्री करून जाते. आण्णा वाईट असते तर मी भांडले असते. चांगल्या माणसाशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नाही.

शिवा

१२ ऑक्टोबर २०२३

अक्का, अक्का, अक्का!

सिद्धम्मानं ब्लाऊज दिला तेव्हाच घडी जाड लागली. तिथंच मशीनमागं बसून वाचलं. रडले, मग सिद्धम्मानं रागावून पाणी दिलं.

तू लिहितेस तसंच करते. पाच महिने भरायच्या आत यायला हवं ना, मग याच आठवड्यात. पत्रासोबत पाठवलेली माझ्या कागदांची झेरॉक्स तुमच्या डॉक्टरांना दाखवलीस आणि ते चक्क 'आणा' म्हणाले, हे मी परत परत वाचतेय. 'हा तिचा निर्णय आहे' असंही म्हणाले ना? असं कुणी बोलतं तुमच्या नागपुरात?

बेत असा. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तेव्हा माहेरी लोहाऱ्याला जायला कुणी नाही म्हणणार नाही. तिथून तात्याराव मला सोलापूरला नेऊन तुझ्याकडच्या गाडीत बसवतील. पोरींना आत्याबाईंकडं ठेवते. रणधीरला सांगितलं. तो बराच वेळ जनावरांना चारा टाकत राहिला, मग म्हणाला, "जा. मला कुणी इचारलं तर मला काय म्हाईत न्हाय." त्याच्या मानानं हे फार झालं.

तुझ्या घरी फ्रीज आहे का? मला थंड ताक प्यायचंय. आणि सात वर्षांचं भांडण पण राहिलंय, माझी मोरपंखी ओढणी घेऊन गेलीस ते.

येते.

शिवा

२७ ऑक्टोबर २०२३

अक्का,

स्टेशनवर तू आणि प्रसेनजित भावजी दोन गाड्या बघून परत गेलात, हे तात्यारावांनी कळवलं. माफ कर.

काय झालं ते सांगते. लोहाऱ्याला पोचले, आईचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या दिवशी बाजारातून येते सांगून निघाले आणि तुझ्या सासरी गेले. पहिल्यांदाच गेले त्या घरात. तुझ्या सासूबाईंनी, सुमनबाईंनी, दारातच पायावर पाणी घातलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात बांधली, जीप यायची होती तोवर माझ्या वेणीला तेल लावत बसल्या. म्हणाल्या, "शिवकन्या आली तवा पण अशीच घाबरली हुती. भिऊ नगं."

तेवढ्यात इकडं आशाताई आमच्या घरी तपासायला गेलेली. मी माहेरी गेले म्हटल्यावर तिनं वरती कळवलं. दोन मुलींची गरोदर आई गावाबाहेर गेली की कळवायचं, अशी तिला तंबी आहे. तिथल्या सिस्टरनं लोहाऱ्याच्या सिस्टरला फोन केला, ती दादांच्या दारात. मी घरात नाही. आणि कुणीतरी दादांना सांगितलं, की तुमची धाकटी तात्यारावाच्या ओसरीत बसलीय.

दादा आले. सात वर्षांत त्यांनी त्या गल्लीत पाय ठेवला नव्हता. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहून ओरडले. तुझं नाव घेतलं नाही. तात्यारावांना म्हणाले, "एक लेक नेली, आता दुसरीचं पोट पाडायला नेता व्हय? थांब, केसच करतो. पोरीचा गर्भ पाडायला पळवून नेत हुता म्हणून लिवून देतो. म्हातारपणी तुरुंगात बसशील!"

तात्याराव शांत होते. म्हणाले, "पाव्हणं, लेकराच्या जिवाचा प्रश्न हाय. कागद बघा." दादांनी कागद घेतला नाही. गल्लीत माणसं जमली होती. त्यातला एकजण फोन लावायला लागला. अक्का, त्यांनी तक्रार दिली असती तर कुणी विचारलं असतं का, तात्यारावांचा गुन्हा काय? तुझ्या सासऱ्यांच्या आडनावावरच सगळं ठरलं असतं. सुमनबाईंचा हात माझ्या वेणीतच होता.

तात्याराव म्हणाले, "तू भिऊ नको, बस. बघू काय करतात ते."

मीच उठले. अर्धी वेणी तशीच. संध्याकाळी आण्णा गाडी घेऊन आले. वाटेत माझ्या बाजूची काच वर केली, वारं लागू नये म्हणून.

पाच महिने भरताहेत. नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते की त्यापुढं त्यांच्याही हातात फार नाही. तुझ्या दारापर्यंत येता आलं नाही याची मला फार लाज वाटते.

शिवा

१० डिसेंबर २०२३

अक्का,

तुझं रागाचं पत्र मिळालं. रागाव, मला बरं वाटतं, इथं सगळे माझ्याशी गोडच बोलतात.

तू लिहितेस, कोर्टात जाऊ, औरंगाबादला वकील आहे, बायका जातात. जात असतील. त्यांना वकिलापर्यंत कोण सोडायला जातं ते मला सांग. मी अर्जावर सही केली तर तो अर्ज पेपरात येईल, 'लेक वाचवा समितीच्या अध्यक्षांची सून' म्हणून. गिरिजाच्या शाळेत पेपर येतो. आणि कोर्ट डॉक्टरांचं बोर्ड नेमणार, ते पुन्हा तोच सोलापूरचा कागद वाचणार. आता हलतंय ते आत. हे सांगितलं तर तू म्हणशील, मन बदललं. बदललं नाही. मला अजूनही भीती वाटते आणि ते हलतं तेव्हा मी हात पण ठेवते. दोन्ही खरं आहे, कुणाला सांगणार?

पायाला सूज आहे. जिना चढले की बसावं लागतं. दिवाळीत करंज्या तळायला बसले नि मध्येच उठले, तर आत्याबाईंनी झारा काढून घेतला आणि मला उशी दिली. सगळे फार जपतात. आण्णा महिन्याला सोलापूरला नेतात, रांगेत स्वतः उभे राहतात. डॉक्टर म्हणाले, पंपिंग थोडं उतरलंय. मी विचारलं, "आता बघायची वेळ आली का?" त्यांना आठवलं नाही मी काय म्हणतेय.

रणधीरनं परवा ऑपरेशन करून घेतलं. कुणाला न सांगता. खाटेवर आडवा पडून माझ्याकडं बघत होता. मी त्याला दोन शब्द चांगले बोलायला हवे होते. नाही जमलं.

शिवा

२० जानेवारी २०२४

अक्का,

थोडंच लिहिते. आडवं झालं की दम कोंडतो, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपते.

डोहाळजेवण झालं. समितीनंच केलं, शाळेच्या मैदानात. फुलांच्या झोक्यात बसवलं. मागं मोठा बोर्ड, त्यावर माझा सत्काराचा जुना फोटो, तेव्हा गाल भरलेले होते. तालुक्याहून साहेब आले होते, बोलताना म्हणाले, या माउलीचा आदर्श घ्या. मला खोकला थांबेना, तर ढोलकीवाल्यानं ढोलकी जरा हळू केली. त्या सगळ्यात त्या एका माणसाला कळलं.

सुमनबाईंनी तात्यारावांच्या हाती सिद्धम्माकडं लाडू पाठवले. खाल्ले. तू आणि मी लहानपणी लाडवातला बेदाणा आधी काढून खायचो. मी अजून तसंच करते.

पोरींना बघ. म्हणजे लांबून का होईना. काही झालंच तर.

शिवा

५ मार्च २०२४

अक्का,

जिवंत आहे. आधी हे.

फेब्रुवारीत पाणी साठलं छातीत, सोलापूरला नेलं, वेळेआधी पोट कापून बाळ काढलं. मुलगी झाली. मी बरेच दिवस मशीनवर होते, मला फारसं आठवत नाही. पंपिंग वीसवर आलंय. डॉक्टर म्हणतात, गोळ्या घेत राहा, पावसाळ्यापर्यंत बघू. यांचं सगळं बघणं पुढंच असतं.

मी दवाखान्यात असतानाच बाळाला गावात आणलं. आण्णांनी शब्द पाळला. वेशीपासून बँड, गुलाल, ट्रॅक्टरला फुलं. रणधीरनं फोनवर मला ते दाखवलं. आत्याबाईंच्या हातात दुपट्यात बाळ आणि पुढं आण्णा फेटा बांधून. ते रडत होते, खरंच रडत होते. नाव समितीनं ठेवलं, विजया. छान आहे ना? मला विचारायला आले होते, पण मी तोंडाला मास्क लावून होते.

आता घरी आहे. बाळाला घेता येत नाही, वजन पेलत नाही. बाजूला ठेवतात. छान आहे गं. जावळ तुझ्यासारखं, कपाळावर खाली आलेलं. बाया बघायला येतात, तिच्या गालाला हात लावतात आणि म्हणतात, "हीच व्हय ती, आई पाडायला निघाली हुती, आण्णानी वाचवली." माझ्यासमोर म्हणतात. वाईट हेतू नसतो. आता ही गावाची गोष्ट झालीय, सांगायला सगळ्यांना आवडते. मी पहिल्या दोघींना समजावलं. तिसरीला नाही समजावलं, दम पुरला नाही.

काल दुपारी गिरिजा शाळेतून आली. दप्तर काढलंच नाही, खाटेशी उभी राहिली.

"आई, तू बाळाला मारायला लोहाऱ्याला गेली हुतीस?"

"कुणी सांगितलं?"

"समदे म्हणतात. पोरगी हुती म्हणून."

मी तिला जवळ बसवलं. सांगायला लागले, की बाळ मुलगी आहे हे मला माहीतच नव्हतं, माझं हृदय आजारी आहे, डॉक्टर म्हणाले होते... तिथंच श्वास संपला. छातीवर हात ठेवून बसले. गिरिजा समजूतदार आहे, ती थांबली. मला नीट श्वास येईपर्यंत थांबली आणि मग हळूच म्हणाली,

"मग मला पण आण्णानीच वाचवलं का?"

अक्का, तुला तर माहीत आहे. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही म्हणून मी किती रडले. तू तेव्हा होतीस. दिवस गेले तेव्हा पहिला फोन तुला केला आणि म्हटलं, मुलगी होऊ दे. ते सगळं मला एकदम बोलायचं होतं. मी 'नाही' एवढंच म्हणू शकले, आणि तेही पुसट आलं. ती उठली नि जाऊन आण्णांजवळ बसली. रात्रीचं जेवण त्यांच्या ताटात जेवली. आज सकाळी वेणी घालायला आत्याबाईंकडं गेली, माझ्याकडं आली नाही.

मला तिच्याशी बोलायचंय, पण एका दमात होईल एवढं छोटं ते नाही. लिहून द्यावं तर तिला माझं वाटणार नाही, मी आपल्या बाजूनं लिहिलं असं वाटेल. लोक चारी बाजूंनी एक सांगताहेत, आई एकटी दुसरं.

म्हणून तू लिही. तिच्या नावानं, शाळेच्या पत्त्यावर. मावशी म्हणून लिही, दादा काय म्हणतील ते म्हणू देत. तिच्या वेळचा तो फोन तुला आठवत असेल तर तोच लिही, मी काय बोलले होते तसंच्या तसं. लवकर लिही. आणि जोडाक्षरं फार घालू नकोस, तिला अजून वाचताना अडखळायला होतं.

शिवा